दोन तारांचं सत्य

पोरीच्या प्रोजेक्टसाठी ईएसपी 32 चा, म्हणजे प्रोग्रॅम चढवून चालवायचा छोटासा बोर्ड आणला. कॉम्प्युटरला लावला, लाल दिवा लागला, पण कॉम्प्युटरवर त्याचं पोर्ट, म्हणजे प्रोग्रॅम चढवायचं दार, काही दिसेना. ड्रायव्हर, म्हणजे बोर्डाची ओळख पटवणारं सॉफ्टवेअर, टाकला, काढला, पुन्हा टाकला. दोष निघाला केबलचा. यूएसबीत दोन तारा विजेच्या, दोन डेटाच्या. बोर्डासोबत मिळालेल्या या केबलीत विजेच्याच तेवढ्या. बोर्ड जिवंत, पण ठार बहिरा.

पुन्हा मुंबईतल्या ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड, इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. रस्त्याच्या पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलंय, पण 1907 साली गव्हर्नरकी संपवून गेलेला लॉर्ड लॅमिंग्टन लोकांच्या तोंडून हलायला तयार नाही. तिथला विकला गेलेला मालही असाच, परत हलत नाही.

"चार्जिंग होतं ना? मग चालू आहे," दुकानदार मान वर न करता म्हणाला.

तेवढ्यात टीव्हीचा रिमोट घ्यायला आलेल्या एका काकांनी केबल माझ्या हातातून घेतली, स्वतःच्या जुन्या फोनला लावली आणि काउंटरवरच्या प्लगात खुपसली. "होतंय की हो चार्ज! उगाच गरिबाला त्रास."

"काका, डेटा जात नाही. प्रोग्रॅम चढत नाही."

"कसला प्रोग्रॅम?"

"दिवा लुकलुकायचा."

"म्हणजे?"

"एक सेकंद चालू, एक सेकंद बंद."

"बंद का होतो?"

"आपणच सांगायचं त्याला."

काकांनी दुकानदाराकडे पाहिलं. "आमच्या जिन्यातला गेले सहा महिने तेच करतोय. सेक्रेटरीला सांगून दमलो. आणि हे पैसे मोजून करतायत!"

मागची रांग हसली. रिमोटचे सेल उलटे घालून 'बिघडला' म्हणत आलेला एक जणही हसला, हे मात्र मला लागलं.

अहो, वरून दोन्ही केबली सारख्याच दिसतात. 'फक्त चार्जिंग' एवढे दोन शब्द छापायला काय जातं? नवशिक्याने कोड तपासायचा, ड्रायव्हर तपासायचा, स्वतःची अक्कल तपासायची. वायर मात्र तपासायची नाही, कारण दिवा लागलेला असतो!

शेवटी डेटावाली केबल विकतच घेतली. जुनी ठेवायला पिशवी उघडली, तर काकांचा फोन अजून तिच्यावरच.

"तुमच्या काही कामाची नाही ना?" काका म्हणाले, आणि तिची गुंडाळी करून खिशात घातली.