यलो स्प्रिंग्ज : जमीन राखणारे गाव

अमेरिकेच्या ओहायो राज्यात, डेटन शहरापासून जवळच, यलो स्प्रिंग्ज नावाचे जेमतेम 3,700 वस्तीचे गाव आहे. लोहयुक्त पाण्याने आजूबाजूचा खडक पिवळा-तांबूस करून टाकणाऱ्या झऱ्यावरून ते नाव पडले. 1825 साली रॉबर्ट ओवेन या ब्रिटिश समाजसुधारकाच्या अनुयायांनी येथे सामाईक मालकीची वसाहत थाटली. ती फार टिकली नाही. 1862 साली मॉनक्युअर कॉन्वे या गुलामगिरीविरोधी धर्मोपदेशकाने स्वतःच्या वडिलांच्या गुलामगिरीतून निसटलेल्या सुमारे 30 जणांना व्हर्जिनियाकडून आणून येथे वसवले. परक्याला जागा देण्याची ही गावाची जुनी ओळख.

आर्थर मॉर्गन या धरणे बांधणाऱ्या अभियंत्याने 1920 पासून येथील अँटिऑक महाविद्यालय नव्याने उभे केले आणि विद्यार्थ्यांना आळीपाळीने शिक्षण व नोकरी करायला लावली. विश्वास, सहकार्य, शेजारधर्म या गोष्टी माणूस लहान वस्तीतच शिकतो आणि शहरे ती शिदोरी नुसती खर्च करतात, असे त्याचे ठाम मत होते. (आपल्याकडील विद्यापीठीय शिक्षणावरच्या 1948-49 च्या राधाकृष्णन आयोगाचा तो सदस्य होता, त्या अहवालातील ग्रामीण विद्यापीठांच्या कल्पनेमागे तोच होता.)

मॉर्गनचे म्हणणे गावाने जमिनीच्या बाबतीत खरे करून दाखवले. 1999 साली गावालगतची सुमारे 940 एकरांची शेती लिलावात निघाली, तेव्हा तेथे घरे उठू नयेत म्हणून गावकऱ्यांनी वर्गणी जमवली आणि ती जमीन कायम शेतीखालीच राहील अशी कायदेशीर तजवीज केली. महाविद्यालय 2008 मध्ये बंद पडून 2011 मध्ये पुन्हा सुरू झाले. त्याच्या ताब्यातील ग्लेन हेलन हे वनही पुढे 2020 मध्ये स्थानिक संस्थेनेच विकत घेतले.

मात्र 2022 च्या फेब्रुवारीत परवडणाऱ्या घरांसाठी थोडी जागा राखणारा गृहप्रकल्पाचा आराखडा ग्रामपरिषदेत मंजूर होऊ शकला नाही. विरोधकांत गावचे प्रसिद्ध रहिवासी, विनोदवीर डेव्ह शॅपेल हेही होते. वाहतूक, गर्दी, आराखड्यातील त्रुटी हे आक्षेप मला खोटे वाटत नाहीत. पण मोकळी जमीन राखली की घरांना जागा उरत नाही, किमती चढतात आणि गावात शिकवणारा, स्वयंपाक करणारा, गाड्या दुरुस्त करणारा माणूस गावाबाहेर राहू लागतो. शेतीसाठी वर्गणी जमवणाऱ्या गावाने घरांसाठी तशी झोळी अजून फिरवलेली मला दिसली नाही.