डिस्नेला कुठे जेवायचं हे नंतर, आधी कधी बसायचं ते ठरवा

माझ्या मावसबहिणीचं फ्लोरिडाचं, म्हणजे वॉल्ट डिस्ने वर्ल्डचं बुकिंग झालंय आणि तिने परवा फोन करून एकच प्रश्न विचारला, की मॅजिक किंगडम पार्कातल्या किल्ल्यात सिंड्रेलाज रॉयल टेबल रेस्टॉरंटला जेवायचं की त्याच पार्कातल्या ब्यूटी अँड द बीस्ट सिनेमावर बेतलेल्या बी अवर गेस्टला, दोन्हीपैकी एकच परवडेल तर कुठलं घेऊ. मी उत्तर द्यायला बसले आणि तासभर बोलत राहिले, कारण मला तो प्रश्नच चुकीच्या ठिकाणी सुरू झाल्यासारखा वाटतो, आणि बरेच जण तिथूनच सुरू करतात, आम्हीही केलं होतं. म्हणून सगळं इथे लिहून ठेवते, सुट्टीत जाणारे आहेत अजून काही जण.

आधी थोडी कल्पना द्यायला हवी. हे एक पार्क नाहीये, चार आहेत. मॅजिक किंगडम 1971 चं, एपकॉट 1982 चं, हॉलिवूड स्टुडिओज 1989 चं आणि अ‍ॅनिमल किंगडम 1998 चं, शिवाय डिस्नेची स्वतःची पंचवीसेक हॉटेलं आणि डिस्ने स्प्रिंग्ज नावाचा खाण्यापिण्याचा आणि खरेदीचा भाग, सगळं मिळून शंभरेक चौरस किलोमीटरचा पसारा. एवढ्या जागेत खायची ठिकाणं शेकड्याने आहेत. नेटवर "टॉप टेन" शोधलं की त्यात सगळ्या पसाऱ्यातली मिळून दहा नावं येतात, पण आपले पाय त्या दिवशी एकाच पार्कात असतात, आणि यादीतलं तिसरं नाव तिथून पाऊण तासावर असतं, हे त्या यादीत लिहिलेलं नसतं.

आम्ही सहा जण गेलो होतो, आम्ही दोघं, सासू-सासरे, मुलगा दहा वर्षांचा आणि मुलगी चार. पहिल्या दिवशी मी मोठ्या हौसेने एका दुसऱ्याच हॉटेलातला कॅरॅक्टर ब्रेकफास्ट, म्हणजे जिथे मिकीसारखी डिस्नेची पात्रं टेबलापाशी भेटायला येतात तो नाश्ता, बुक केला होता. नकाशावर ते आमच्या हॉटेलच्या जवळ दिसत होतं. पण डिस्नेच्या बसेस हॉटेल ते पार्क अशा जातात, हॉटेल ते हॉटेल सहसा थेट बस नसते, आधी एखाद्या पार्कला जा, तिथे बस बदला आणि मग पोचा. हे मी वाचलंच नव्हतं. चार वर्षांची पोर उपाशी, सासऱ्यांची गोळी नाश्त्यानंतरची, आणि आम्ही दोन बस बदलत उन्हात उभे. जेवण छान होतं, मिकी टेबलापाशी आला, फोटो आले, पण पार्कात शिरेपर्यंत अकरा वाजून गेले आणि सकाळचे पहिले दोन तास, जेव्हा रांगा खरंच लहान असतात, ते गेले ते गेलेच. चूक पूर्ण माझी होती आणि त्या दिवसापासून मी रेस्टॉरंट निवडायची पद्धतच बदलली.

आता मला जे मनापासून वाटतं ते सांगते. थीम पार्कमध्ये टेबल सर्व्हिसला, म्हणजे आधी बुकिंग करून टेबलावर बसून जेवतात तिथे, आपण जेवण विकत घेत नाही, आपण एसीमध्ये सव्वा तास बसायची खुर्ची विकत घेतो. दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालणं होतं तिथे, सहज होतं, आणि पासष्टीच्या पुढच्या माणसाला आणि पाच वर्षांखालच्या मुलाला ते दुपारी दोनच्या सुमारास एकदमच जाणवतं. फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारी गडगडाटासह पाऊसही जवळजवळ रोजचा. मग ती खुर्ची रात्री आठला घेऊन काय उपयोग, ती दुपारी हवी. लोक नेमकं उलटं करतात, दुपारी मिळेल ते उभ्याने खातात आणि रात्री, जेव्हा मुलं झोपेने पेंगत असतात आणि बाहेर आतषबाजी सुरू व्हायची असते, तेव्हा सगळ्यात महागडं जेवण ठेवतात. आम्ही दुसऱ्या दिवसापासून दुपारी दोन-सव्वादोनचं टेबल घ्यायला लागलो आणि रात्री क्विक सर्व्हिस, म्हणजे काउंटरवरून घेऊन खायचं. सासूबाई दुसऱ्या रात्री स्वतःहून म्हणाल्या की आतषबाजी बघूनच जाऊ, आदल्या रात्री सात वाजता त्यांना उभं राहवत नव्हतं.

म्हणजे क्रम असा धरा, आधी त्या दिवशी कुठलं पार्क, मग किती वाजता सगळ्यात दमणारा माणूस दमणार, आणि मग त्या वेळेला त्या पार्कात किंवा अगदी शेजारी काय आहे. नाव सगळ्यात शेवटी.

शेजारी काय आहे हे महत्त्वाचं आहे कारण काही हॉटेलं पार्काला चिकटून आहेत. मॅजिक किंगडममधून कंटेम्पररीला चालत दहा-पंधरा मिनिटांत जाता येतं, मोनोरेल तर त्या हॉटेलच्या पोटातूनच जाते, आणि तीच मोनोरेल पॉलिनेशियन आणि ग्रँड फ्लोरिडियनला थांबते. दुपारी पार्कातून बाहेर पडायचं, तिथे शांतपणे जेवायचं आणि परत यायचं, हे सगळ्यात चांगलं वाटलं मला, पार्कातल्या गलक्यातून कानांनाही सुट्टी मिळते. हॉटेलातल्या रेस्टॉरंटला पार्कचं तिकीट लागत नाही, त्यामुळे ज्या दिवशी पोचताय किंवा निघताय त्या दिवसासाठीही ही उत्तम. डिस्ने स्प्रिंग्जचंही तसंच, तिथेही तिकीट नको.

आता बफे की टेबलावर वाढतात ते, यावर घराघरात वाद होतो. आमच्याकडे नवरा बफेवाला, मी नाही. लहान मूल असलं की बफेत एक मोठं माणूस कायम उभं असतं, एक जण मुलाची प्लेट भरून आणतो तोवर दुसऱ्याचं गार होतं, आजी-आजोबांना गर्दीत प्लेट सांभाळत फिरावं लागतं, म्हणजे ज्या खुर्चीचे पैसे दिले तिच्यावर कोणी बसतच नाही. शिवाय डिस्नेच्या हिशोबात तीन वर्षांखालच्या मुलाला बफेत वेगळे पैसे नाहीत, तीन ते नऊ लहान मुलांचा दर, आणि दहा पूर्ण झाली की मोठ्या माणसाचा. आमचा दहा वर्षांचा मुलगा पास्ता आणि फळं एवढंच खातो, त्याच्यासाठी मोठ्या माणसाचे पैसे द्यायचे मला पटत नाहीत. तुमचं मूल नऊचं आणि खवय्या असेल तर हिशोब पूर्ण उलटा होईल आणि मग खुशाल बफे घ्या.

एपकॉटमधलं गार्डन ग्रिल मला म्हणून आवडलं, तिथे कॅरॅक्टर्स आहेत पण जेवण टेबलावर आणून देतात, मोठ्या थाळ्यांमधून सगळ्यांनी मिळून खायचं. मिकी, प्लूटो, चिप आणि डेल टेबलापाशी येतात, कोणाला रांगेत उभं राहायचं नाही, आणि ते रेस्टॉरंट हळूहळू गोल फिरत असतं, खाली लँड पॅव्हेलियनमधली बोट राइड दिसत राहते. फिरण्याचा वेग इतका कमी आहे की कोणाला गरगरत नाही. मुलगी जेवण झाल्यावर आजोबांच्या खांद्यावर झोपली आणि आम्ही तिला उठवलं नाही.

कॅरॅक्टर डायनिंग महाग आहे, मोठ्या माणसामागे 50 डॉलरच्या आसपास किंवा त्याहून जास्त जातं आणि किल्ल्यात त्याहून बरंच वर, त्यावर टॅक्स, आणि सहा किंवा जास्त माणसं असली की 18 टक्के टिप बिलातच लागून येते. पण एक विचार करा, पार्कात एकेका कॅरॅक्टरला भेटायला अर्धा-पाऊण तास रांग असते. चार कॅरॅक्टर्स टेबलावर आली तर दोनेक तासांची रांग वाचली. म्हणून मुलं लहान असतील तर एकदाच घ्या, पण एकदाच, आणि तुमच्या मुलाला आवडणारी कॅरॅक्टर्स कुठे येतात ते आधी बघा. दुसऱ्यांदा मुलांना त्याचं फार काही वाटत नाही.

जिथे सजावट हीच मुख्य गोष्ट आहे अशी काही ठिकाणं आहेत, त्यांच्याबद्दल थोडं जपून. हॉलिवूड स्टुडिओजमधलं साय-फाय डाइन-इन म्हणजे जुन्या ड्राइव्ह-इन थिएटरसारखं, अंधार, वर तारे, समोर पडदा आणि तुम्ही मोटारीच्या आकाराच्या टेबलांत बसून जेवता. मुलगा अजूनही त्याचंच नाव काढतो. पण त्या मोटारींत सगळे पुढे तोंड करून एकामागे एक बसतात, आजी मागच्या सीटवर आणि नातू पुढे, बोलणं होतच नाही, आणि आत सरकून बसणं गुडघे दुखणाऱ्याला सोपं नाही. तिघं-चौघं असाल तर जरूर जा, आजी-आजोबा बरोबर असतील तर मी नाही सुचवणार.

आमच्या सासूबाई अंडंही खात नाहीत, तर शाकाहाराबद्दल विचारणारे खूप असतील. 2019 पासून डिस्नेच्या मेनूत पानाचं चिन्ह असतं, त्याचा अर्थ मांस, दूध, अंडं, मध काहीच नाही. म्हणजे पान दिसलं की डोळे मिटून घ्या, पण पान नाही म्हणजे शाकाहारी नाही असं नव्हे, चीज असलं तरी पान लागत नाही. मेनू सगळे डिस्नेच्या अ‍ॅपवर आधीच वाचता येतात. आणि टेबल सर्व्हिसला बसल्या बसल्या सांगून टाका, अ‍ॅलर्जी किंवा पथ्य फार गंभीरपणे घेतात तिथे, गरज पडली तर शेफशी बोलणं करून देतात. सासूबाईंना इंग्रजीत विचारायचा संकोच, तर आम्ही बुकिंग करतानाच नोंद करून ठेवली.

आणि सना हे रेस्टॉरंट. हे मी प्रत्येकाला सांगते. अ‍ॅनिमल किंगडम लॉज या हॉटेलच्या किदानी व्हिलेज भागात आहे, 2009 साली सुरू झालेलं, आफ्रिकन आणि भारतीय मिळून जेवण. तिथली ब्रेड सर्व्हिस मागवायची, पाच प्रकारच्या नान-पराठ्यासारख्या भाकऱ्या आणि बरोबर नऊ प्रकारच्या चटण्या-रायती. मोठ्या खिडक्यांतून बाहेर मोकळं कुरण आणि त्यात जिराफ, झेब्रे चरत असतात. तीन दिवस फ्राइज आणि सॅलड खाऊन कंटाळलेल्या माणसाच्या तोंडात ती लोणच्याची चव गेली ना, सासरे काही बोललेच नाहीत पाच मिनिटं, नुसते जेवत होते, आणि मुलं खिडकीला नाक लावून. जिराफ दिसायला उजेड हवा, म्हणून दुपारचं टेबल किंवा सूर्यास्ताच्या बरंच आधीचं घ्या, अंधारात तिथे जाण्यातली अर्धी मजा जाते. आणि हे अ‍ॅनिमल किंगडम पार्कच्या दिवशीच ठेवा, ते पार्क इतरांपेक्षा बहुतेक लवकर बंद होतं आणि तिथून लॉजला बस आहे. दुसऱ्या पार्कातून मुद्दाम जाल तर माझं पहिल्या दिवशी झालं तेच होईल.

बुकिंगचं सांगायचं तर साठ दिवस आधी उघडतं, आणि डिस्नेच्या हॉटेलात राहत असाल तर चेक-इनच्या साठ दिवस आधी एकदम पुढच्या दहा दिवसांपर्यंतचं करता येतं. म्हणून गाजलेलं ठिकाण मुक्कामाच्या शेवटच्या दिवसांत शोधा, तिथे जागा जास्त मिळतात. नाही मिळालं तर रडत बसू नका, लोक आदल्या दिवशी कॅन्सल करतात, कारण न जाता ठेवलं तर बहुतेक ठिकाणी माणशी 10 डॉलर कापतात. आम्हाला गार्डन ग्रिल असंच आदल्या रात्री मिळालं. शिवाय अ‍ॅपवर वॉक-अप लिस्ट, म्हणजे बुकिंग नसलेल्यांची प्रतीक्षायादी असते, पार्कात असताना नाव टाकून बघायचं.

बाकी जेवणं क्विक सर्व्हिसला, मोबाइल ऑर्डर करून. फक्त भूक लागल्यावर ऑर्डर करू नका, साडेबारा ते दीडच्या वेळा भरतात, सकाळी पार्कात शिरतानाच वेळ घेऊन टाकायची. अ‍ॅनिमल किंगडमच्या पॅन्डोरा भागातलं सतुली कॅन्टीन चांगलं, आपल्याला हवा तो बाउल बनवून घेता येतो. मॅजिक किंगडममध्ये कोलंबिया हार्बर हाउसचा वरचा मजला लक्षात ठेवा, खालची गर्दी वर फार येत नाही. क्विक सर्व्हिसला बर्फाचं पाणी मागितलं की फुकट देतात, बाटल्यांवर पैसे घालवू नका. आणि बाहेरचं खाणं पार्कात नेता येतं, काचेची भांडी आणि दारू सोडून, तर आजी-आजोबांसाठी काहीतरी कोरडं बॅगेत असू द्या.

आता मावसबहिणीचा मूळ प्रश्न, किल्ला की बी अवर गेस्ट. दोन्हीकडे ठरलेल्या दरात ठरलेले कोर्सेस असतात, दोन्ही महाग. बी अवर गेस्टच्या दालनांची सजावट बघण्यासारखी आहे, बॉलरूममध्ये खिडकीबाहेर बर्फ पडताना दिसतो, पण तिथे बीस्ट टेबलावर येत नाही. किल्ल्यात प्रत्यक्ष राजकन्या भेटतात. "एवढ्या लांब जातोय तर" म्हणून घेऊ नका, घरात कोणाला तरी ते खरंच हवं असेल तर घ्या. आमच्या मुलीला चार वर्षांची असून राजकन्यांमध्ये काडीचा रस नव्हता, तिला चिप आणि डेल हे चिपमंक हवे होते, म्हणून आम्ही किल्ला सोडला आणि मला त्याची खंत नाही. मावसबहिणीची लेक सहाची आहे आणि सहा महिने निळा फ्रॉक घालून फिरतेय. तिला मी म्हटलं, तू किल्लाच घे, फक्त दुपारचं घे.