पीएचडीवाले आणि शिपायाची जागा

‘पाच वर्षं संशोधन करा, मग प्राध्यापकाची जागा नाही, कंपनी म्हणते ओव्हरक्वालिफाइड, तोवर वय उलटलेलं. शेवटी शिपायाच्या नोकरीला अर्ज!’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. मुंबईतच पीएचडी करून औषध कंपनीत स्थिरावल्यामुळे मला तो जरा जास्तच येतो.

शिपायाची बातमी खोटी नाही. 2015 साली उत्तर प्रदेश सचिवालयातल्या 368 जागांसाठी 23 लाख अर्ज आले, त्यांत 255 पीएचडीधारक होते. म्हणजे साधारण नऊ हजार अर्जांमागे एक. यातून सरकारी नोकरीची ओढ दिसते. पीएचडी केलेल्या बाकीच्यांचं काय झालं, ते यातून कसं कळणार?

‘प्राध्यापक व्हायला पीएचडी सक्तीची’ असंही सांगतात, पण ते तर शिळंच. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) 2018 साली विद्यापीठ विभागांतल्या असिस्टंट प्रोफेसरसाठी तशी अट घातली, अंमल 2021 वरून 2023 वर ढकलला आणि जुलै 2023 मध्ये अट काढून नेट-सेट (अध्यापकांच्या पात्रता परीक्षा) ही किमान पात्रता ठेवली. तरी 2018 च्या नियमांतल्या मुलाखतीसाठी उमेदवार निवडायच्या महाविद्यालयांच्या छाननी तक्त्यात पीएचडीला 25 गुण आहेत आणि नेटला 8. असोसिएट प्रोफेसर व्हायला तर पीएचडी लागतेच.

आता ‘ओव्हरक्वालिफाइड’. कंपन्या हा शब्द वापरतात, नाही असं नाही. पण आमच्याकडे येणारे बायोडेटा पाहिले की खरी गोम कळते. रसायनशास्त्रात पीएचडी केलेल्या एका मुलीचा बायोडेटा सात पानी होता. पहिल्या पानावर प्रबंधाचं चार ओळींचं शीर्षक, मग परिषदांची यादी, एकदिवसीय चर्चासत्राच्या प्रमाणपत्रासकट. आणि पाचव्या पानावर, ‘इतर’ या मथळ्याखाली, एकच ओळ: एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) अशुद्धी मोजण्याची पद्धत बसवून व्हॅलिडेट केली, म्हणजे ती भरवशाची असल्याचं तपासून सिद्ध केलं. अगं बाई, आम्हाला तेच तर हवं होतं! मुलाखतीत प्रबंधाबद्दल तिला फारसं कुणी विचारलंच नाही. क्रोमॅटोग्राममध्ये, म्हणजे त्या यंत्राच्या आलेखात, अनोळखी पीक (उंचवटा) दिसलं तर आधी काय तपासशील, यावरच सगळा वेळ गेला. एचआरला धास्ती पदवीची नसते. ‘अनुदानित कॉलेजात जागा निघाली की ही जाणार’, याची असते.

रसायन किंवा जीवशास्त्रवाल्यांना ठाणे-बेलापूर पट्टा आहे, रेग्युलेटरीचं, म्हणजे औषधांच्या सरकारी मंजुरीच्या कागदपत्रांचं काम आहे, पेटंट एजंटची परीक्षा आहे. मराठी किंवा इतिहासात पीएचडी केलेल्यांना हे जसंच्या तसं लागू नाही, कबूल. त्यांची वाट अरुंदच आहे.

वयाचं म्हणणं अर्धं खरं. रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी (अधिकारी) भरतीत सर्वसाधारण मर्यादा 30 वर्षांची आहे, पीएचडीधारकांना 34. अशा सवलती जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरांत असतात आणि तिथवर कुणी वाचत नाही.

मेसेजमध्ये नाही ती गोष्ट मात्र जास्त बोचते: तासिका तत्त्व. कायम असिस्टंट प्रोफेसरचं सातव्या वेतन आयोगातलं सुरुवातीचं मूळ वेतन 57,700. तोच विषय, तोच वर्ग, पण सीएचबीवर, म्हणजे या तासिका तत्त्वावर शिकवलं की पैसे तासावर. यूजीसीने 2019 साली अतिथी अध्यापकांना तासाला 1,500 आणि महिन्याला जास्तीत जास्त 50,000 रुपये द्यायला सांगितलं. प्रत्यक्षात तेवढे हातात पडलेला सीएचबीवाला मला अजून भेटायचाय. ‘यंदा जागा भरणार’ या आशेवर लोक तिथे वर्षं काढतात, आणि कंपनीच्या दारात येतात तेव्हा प्रयोगशाळेतल्या कामाचा सराव सुटलेला असतो. मे महिन्यात तास नसतात, म्हणजे पैसेही नसतात. घरभाडं मात्र मे महिन्याचंही द्यावं लागतं.