शेवटचा घास

मासा फसवण्याचा आरोप माझ्यावर गेल्या रविवारी अलिबागकडच्या एका खाडीच्या धक्क्यावर चारचौघांत झाला आणि तो आरोप करणारे सद्गृहस्थ स्वतः कोलंबीचे थालीपीठ खात होते, हे मी अजून विसरू शकलेलो नाही.

मी जिताड्यासाठी मिनो ल्यूर फेकत होतो. हा कडक प्लास्टिकचा बनावट मासा असतो. पोटात खुळखुळणारे छर्रे, अंगाला दोन तिहेरी गळ आणि तोंडाखाली पारदर्शक पट्टी. रीळ फिरवले की पाण्याचा दाब त्या पट्टीवर येतो, मासा खाली बुडतो आणि डावीउजवीकडे डोलू लागतो. सगळी विद्या मात्र थांबण्यात आहे. दोन झटके देऊन हात आवरायचा, कारण जिताडा पुष्कळदा त्या थांबलेल्या क्षणीच झडप घालतो. मी हात आवरला, की सद्गृहस्थ मागून विचारत, "दमलात का?"

मग त्यांनी ल्यूर हातात मागितले, डोळे मिचकावून पाहिले आणि किंमत विचारली. मी सातशे रुपये म्हटल्यावर ते काही क्षण गप्प राहिले, आणि तेवढाच काळ मला सुखाचा गेला.

"याच्यात खायला काय आहे?"

"काही नाही. प्लास्टिक आहे."

"म्हणजे तो बिचारा तोंड उघडणार, आणि आत काहीच नाही?"

"गळ आहे."

"अहो, पण हे बरोबर नाही. ते पलीकडचे मामा कोलंबी लावून गरवताहेत, ते निदान मरणाऱ्याला शेवटचा घास तरी देतात. तुम्ही तर उपाशीपोटी मारताय!"

धक्क्यावरची सगळी मंडळी माझ्याकडे वळली. मामांनी मान हलवली, जणू काही दानधर्माचा हा हिशेब ते आयुष्यभर मनात ठेवून होते. कोलंबीला कोणी शेवटचा घास दिला होता, हे विचारण्याचे मला सुचले ते रात्री, जेवताना.

वास्तविक या फसवणुकीची परंपरा मोठी आहे. फिनलंडच्या लॉरी रापाला नावाच्या कोळ्याने पाहिले, की शिकारी मासे थव्यातला किंचित लंगडत पोहणारा मासाच हेरून उचलतात. म्हणून त्याने १९३६ साली बुचाचा तसाच लंगडा मासा कोरला, त्याला चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून वरून लेप दिला. मी हे सांगायला लागलो, तर सद्गृहस्थ म्हणाले, "तिकडे थंडीत लोकांना काम नसतं."

तेवढ्यात दोर ताणला गेला, रॉड वाकला आणि मोबाइल बाहेर निघाले. जड काहीतरी हळूहळू वर आले. ती चिखलाने भरलेली प्लास्टिकची पिशवी होती, शिवाय तिच्याबरोबर तुटक्या जाळ्याचा नायलॉनचा गुंता.

"बरोबरच आहे," सद्गृहस्थ सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "प्लास्टिकला प्लास्टिकच लागणार."

लोक हसले. मलाही हसणे भाग होते, पण ते मनापासून नव्हते. कारण या खाडीत आता तळाशी जाणारे ल्यूर टाकणे म्हणजे नगरपालिकेचे काम फुकट करणे झाले आहे. पिशवी काढायला गेलो, तर एक गळ बोटात शिरता शिरता राहिला. ती पिशवी ज्याने कोणी टाकली असेल, त्याला कोणी नीतिशास्त्र शिकवल्याचे ऐकिवात नाही. कचऱ्याचा डबाही धक्क्यावर कुठे दिसला नाही. गुटख्याच्या जाहिरातीची पाटी मात्र होती.

एवढ्या वेळात सद्गृहस्थांनी मला जिताड्याचे डोके आमटीला कसे उत्तम आणि मधले तुकडे तळायला कसे, हे दोनदा ऐकवले होते. पहिल्यांदा मला ती निव्वळ रसिकता वाटली. मी रॉड आवरू लागताच त्यांनी घाईघाईने फोन लावला.

"अगं, वाटण काढू नकोस. इथे काही खरं दिसत नाही, वांग्याचंच भरीत कर."