समुद्रफूल, दवबिंदू आणि मूतखडा

‘समुद्रफूल म्हणजे सी ॲनिमोन आणि कास पठारावरील दवबिंदू या एकाच कुळातील जीवजाती आहेत, शास्त्रज्ञांनी त्यांना अर्धे प्राणी, अर्धी वनस्पती ठरवले आहे, दोन्ही मांस विरघळवतात, म्हणून दवबिंदूचा रस घेतल्यास मूतखडाही विरघळतो,’ असा संदेश साताऱ्यात गटागटांतून फिरत आहे. मूतखड्याने बेजार झालेल्या आमच्या आत्यांनी तो वाचून माझ्याकडे दवबिंदूची पाने मागितली, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

आधी मूतखड्याचेच पाहू, कारण बाकीची विधाने केवळ हास्यास्पद आहेत, हे मात्र घातक आहे. दवबिंदू ही कीटक खाणारी छोटी वनस्पती आहे; तिच्या पानांवरील केसांच्या टोकांशी चिकट थेंब असतात. चिलट अडकले की केस त्याच्यावर वाकतात आणि थेंबांतील विकरे, म्हणजे पचन घडवणारी एन्झाइम्स, त्याच्या शरीरातील प्रथिने पचवतात. डार्विनने 1875 साली याच कुळातील वनस्पतीवर केलेल्या प्रयोगांत अंड्याचा पांढरा बलक असा पचताना दाखवला होता. बहुतेक मूतखडे मात्र कॅल्शियम ऑक्झलेटचे, म्हणजे खनिजाचे असतात, प्रथिनांचे नव्हेत. शिवाय विकरे ही स्वतःच प्रथिने असल्याने प्यायलेल्या रसातील विकरे आपल्याच पोटात पचून जातात. ती मूत्रपिंडापर्यंत जशीच्या तशी पोहोचतात, हे कोणत्या शरीरशास्त्रात लिहिले आहे? खडा मूत्रवाहिनीत अडकून ताप आला असताना रुग्ण पाला वाटत बसला, तर मूत्रपिंडच गमावण्याची वेळ येऊ शकते.

‘अर्धे प्राणी’ या विधानामागे एक धागा खरा आहे, एवढे नाइलाजाने मान्य करावे लागते. व्हिएन्ना विद्यापीठातील उलरिश टेक्नाऊ यांच्या गटाने 2014 साली नेमॅटोस्टेला या सी ॲनिमोनवरील संशोधन प्रसिद्ध केले. त्यात सूक्ष्म आरएनएची, म्हणजे जनुकांच्या कामाला लगाम घालणाऱ्या छोट्या रेणूंची, काम करण्याची पद्धत वनस्पतींसारखी आढळली. परंतु जनुकांचे नियंत्रण करणाऱ्या डीएनएची मांडणी माशी आणि माणूस यांच्याशी जुळणारी निघाली. संदेश लिहिणाऱ्याने पहिला भाग उचलला आणि दुसरा सोयीस्करपणे गाळला. ॲनिमोनला तोंड, स्नायू, चेतातंतूंचे जाळे आणि डंख मारणाऱ्या पेशी असतात; तो पोवळ्यांचा नातलग, निखळ प्राणी आहे.

एका कुळाचा दावा तर चर्चेच्याही लायकीचा नाही. दवबिंदूला मुळे, हरितद्रव्य, फुले आणि बिया आहेत. जांभ्यावरील निकस मातीत नायट्रोजन कमी पडतो, म्हणून ती कीटक धरते. पश्चिम घाटातील ज्या स्थळांना 2012 साली जागतिक वारसा दर्जा मिळाला, त्यांत कास आहे आणि तेथे वनस्पती उपटण्यास मनाई आहे. आत्यांना पाने मिळालेली नाहीत. मूत्ररोगतज्ज्ञांची वेळ मात्र घेतली आहे.