सल्ल्याचे पैसे कोण देतं?

आमचा पुतण्या बीएस्सी ॲग्रीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. परवा व्हिडिओ कॉलवर त्याच्या मागचं कपाट दिसलं. कीटकशास्त्राचं एक पुस्तक, बाकी सगळी एमपीएससीची. "काका, ॲग्रीवर दुसरं काय करणार? भरती, नाहीतर दुकान," तो म्हणाला.

ऑगस्ट 2024 मध्ये कृषी सेवेच्या 258 जागा राज्यसेवेच्या परीक्षेत घ्या, ही मागणी घेऊन मुलं पुण्यात रस्त्यावर बसली होती. तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर एकच सूर आहे: शेती शिकतात सरकारच्या पैशावर आणि व्हायचं असतं साहेब. मला हे बोलणं लागतं. मी राहुरीच्या विद्यापीठाचा पदवीधर आहे आणि सध्या नेदरलँड्समधल्या वेस्टलँड भागात टोमॅटोच्या काचघरांना सल्ला देतो. माझ्या वर्गातली माझ्याहून हुशार मुलं आजही अभ्यासिकेत बसलेली आहेत.

सातव्या सत्रात आम्ही कृषीदूत म्हणून, म्हणजे शेतकऱ्यांसोबत राहून शिकणारे विद्यार्थी म्हणून, एका गावात होतो. बोर्डो मिश्रणाचं, म्हणजे बुरशीवरच्या औषधाचं, प्रात्यक्षिक चाललं होतं: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. द्रावणात विळा बुडवला तर पात्यावर तांबूस थर चढला, म्हणजे चुना कमी पडला. चुन्याची निवळी वाढवली, पुन्हा विळा बुडवला, पातं स्वच्छ निघालं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग एक म्हातारे बाबा म्हणाले, "समदं बरं हाय. पण पावसाळ्यात कीड आली तर तुमाला कुठं गाठायचं?" सत्र संपलं की आम्ही निघून जाणार होतो. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पावसाळ्यात त्यांनी गाठलं असेल ते कृषी सेवा केंद्र. तिथे सल्ला फुकट मिळतो आणि त्याची किंमत बाटलीत वसूल होते. दुकानदार उधारीवर माल देतो, अडीनडीला उभा राहतो. अनेक दुकानांत तर आमचेच पदवीधर बसतात. मी त्यांना दोष देत नाही. पण "या आठवड्यात काही फवारू नका" हे सांगून त्यांचं पोट भरत नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20च्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. कोणती औषधं एकत्र करायची नाहीत, कोणत्या उन्हात पंप पाठीवर घ्यायचा नाही, हे सांगणारं माणूस त्या बांधांवर हवं होतं.

माझं इथलं बरंचसं काम "थांबा" सांगण्याचंच आहे. दर आठवड्याला पिवळ्या चिकट सापळ्यांवरची पांढरी माशी मोजायची, भिंगाने पानाची मागची बाजू बघायची, किडींना खाणाऱ्या मित्रकिडी पुरेशा असतील तर फवारणी टाळायची. शेतकऱ्याला स्वतः फवारायचं तर परवाना लागतो, दर 5 वर्षांनी तो नवा करावा लागतो. इथेही औषध विकणाऱ्यांचे सल्लागार काचघरात येतातच. पण निव्वळ सल्ल्याचंही बिल लागतं, आणि ते भरलं जातं.

म्हणून गावाकडे कुणी "हॉलंडसारखं सगळं खासगी करा" म्हणालं की मी अडवतो. इथली सरकारी सल्लासेवा 1990च्या दशकात खासगी झाली, हे खरं. पण त्याआधी अनेक दशकं सरकारने संशोधन, शिक्षण आणि सल्ला यांचा खर्च उचलला होता. तीन एकर कोरडवाहू कपाशीवाला सल्ल्याचं बिल कुठून भरणार?

द्राक्षवाले भरतात. नाशिक-सांगलीकडे बागायतदार सल्लागाराला पैसे मोजून बागेत बोलावतात. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली, तेव्हा चुकीचा सल्ला किती महागात पडतो हे सगळ्यांनी पाहिलं.

कपाशी, सोयाबीन, तुरीसाठी हे काम शेतकरी उत्पादक कंपन्यांनी, म्हणजे शेतकऱ्यांनीच एकत्र येऊन काढलेल्या कंपन्यांनी, करावं. प्रत्येक कंपनीने एक पदवीधर पगारावर ठेवावा, पहिली काही वर्षं निम्मा पगार सरकारने द्यावा. अट एकच, त्याने काहीही विकायचं नाही.

पुतण्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "अशी जागा निघाली तर मी पुस्तकं आवरतो, काका."