महिन्याला पाचशे रुपये? आप्पा, हा हिशेब एकदा मांडून पाहू

परवा रात्री साडेनऊला पारोळ्याहून आप्पांचा फोन आला. आप्पा म्हणजे माझे थोरले काका, वय एकाहत्तर. पाच एकर कापूस, आणि तो सगळा सध्या घराच्या मधल्या खोलीत छतापर्यंत भरलेला. त्या खोलीतून नुसतं देवघरात जायचं म्हटलं तरी अंगाला खाज सुटते, पण भाव नाही म्हणून विकवत नाही. फोनवर पहिलंच वाक्य : "आपला कापूसना भाव त्यामा ग्या का रे भो?"

कशात? तर व्हॉट्सॲपवरच्या एका मेसेजात. तो आतापर्यंत मला तीन ग्रुपवर आलाय, त्यातला एक आमच्याच शाळेच्या शिक्षकांचा, म्हणून जास्त राग आला. मेसेजचा सारांश असा : भारताने भूतान, मालदीव, श्रीलंका, व्हिएतनाम, फिलिपिन्स, मॉरिशस अशा 'चिल्लर' देशांना फुकट शस्त्रं वाटली. त्यासाठी प्रत्येक भारतीयाच्या खिशातून महिन्याला ५०० रुपये जातात. हे देश आपल्या काही कामाचे नाहीत, उलट आपल्यावरच उलटतात. आणि म्हणूनच शेतकऱ्याच्या मालाला भाव नाही.

आधी पाचशे रुपयांचं बघू, कारण लोकांच्या डोक्यात तोच आकडा बसलाय. महिन्याला ५०० म्हणजे वर्षाला ६,०००. लोकसंख्या १४० कोटी धरा. गुणाकार आठ लाख चाळीस हजार कोटी रुपये येतो. भारताचं २०२५-२६ चं संपूर्ण संरक्षण बजेट आहे ६ लाख ८१ हजार कोटी. त्यात जवानांचे पगार आले, निवृत्तांची पेन्शन आली, विमानं, जहाजं, रणगाडे, दारूगोळा, सगळं आलं. म्हणजे आपल्या सैन्यावर एक पैसाही न खर्चता हे अख्खं बजेट बाहेर वाटून टाकलं तरी हा आकडा पुरा होत नाही. सहावीच्या पोराला करता येईल असा हा गुणाकार आहे. पुढे पाठवणाऱ्या एकानेही तो करून पाहिला नाही, आणि त्यात गणित शिकवणारे माझे दोन सहकारी आहेत.

मग खरा आकडा किती? तो गुप्त नाही. परराष्ट्र मंत्रालयाच्या बजेटमध्ये परदेशांना द्यायच्या मदतीची देशवार यादी दरवर्षी छापलेली असते. २०२५-२६ साठी सगळ्या देशांची मिळून तरतूद आहे सुमारे ५,४८३ कोटी. माणशी वर्षाला एकोणचाळीस रुपये, महिन्याला सव्वातीन. आणि ही काही नुसती शस्त्रांची मदत नव्हे. सर्वांत मोठा वाटा भूतानचा, २,१५० कोटी, आणि त्यात जलविद्युत प्रकल्प, रस्ते, शाळा, दवाखाने येतात. तिथली जास्तीची वीज आपणच विकत घेतो. मालदीवला ६०० कोटी. नौदलाने दिलेल्या जुन्या जहाजांची किंमत या आकड्यात धरलेली नाही, हे कबूल. ती धरली तरी सव्वातीनाचे पाचशे होत नाहीत. पीएम किसानवर त्याच वर्षी ६० हजार कोटींच्या वर तरतूद होती, तेही शेजारी ठेवून बघा.

'फुकट' या शब्दाचं आता. फिलिपिन्सला ब्रह्मोस क्षेपणास्त्रं फुकट दिली हे सरळ खोटं आहे. जानेवारी २०२२ मध्ये करार झाला तो विक्रीचा, जवळपास साडेसदतीस कोटी डॉलरचा. पहिला माल एप्रिल २०२४ मध्ये पोचला. पैसा आपल्याकडे आला, गेला नाही. भारताची संरक्षण निर्यात २०१३-१४ मध्ये ६८६ कोटींची होती, २०२४-२५ मध्ये ती २३,६२२ कोटींवर गेली. मॉरिशसची गस्तीनौका कोलकात्याला बांधली गेली, मजुरी तिथल्या कामगारांना मिळाली.

व्हिएतनामचं थोडं वेगळं. त्यांना दहा कोटी डॉलरचं कर्ज दिलं, त्यातून बारा वेगवान गस्तीबोटी झाल्या. पाच भारतात बांधल्या, सात आपलं तंत्रज्ञान घेऊन त्यांच्याकडे. आपल्याकडे कृषी केंद्रवाला खत-बियाणं उधारीवर देतो तेव्हा माल त्याच्याच दुकानातला घ्यावा लागतो ना? परदेशांना दिलेलं बहुतेक कर्ज असंच असतं, त्यातली मोठी खरेदी भारतातूनच करावी लागते. 'आयएनएस कृपाण' ही युद्धनौका मात्र २०२३ मध्ये व्हिएतनामला खरोखर भेट दिली. ३२ वर्षं वापरलेली होती, पण भेट ती भेट. तेवढं मेसेजवाल्याचं खरं.

'काही कामाचे नाहीत' हा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो आणि त्यावर मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण आप्पांचा धाकटा, माझा चुलतभाऊ, फौजेत आहे आणि सध्या उत्तर बंगालात आहे. तो ज्या भागात आहे तिथे नकाशावर बोट ठेवून बघा. नेपाळ आणि बांगलादेश यांच्या मध्ये भारताची एक चिंचोळी पट्टी उरते, सिलिगुडीची. काही ठिकाणी रुंदी जेमतेम वीस-बावीस किलोमीटर. आसामपासून अरुणाचलपर्यंत जाणारी रेल्वे आणि रस्ते तिथूनच जातात. या पट्टीच्या डोक्यावर भूतान आहे. २०१७ साली भूतानच्या सीमेवरच्या डोकलाम पठारावर चिनी रस्ता बांधायला आले तेव्हा त्या जमिनीवर भूतानचा दावा होता, आणि आपले जवान तिथे ७३ दिवस समोरासमोर उभे राहिले. भूतानने तेव्हा चीनशी परस्पर सौदा केला असता तर?

त्याच भूतानने डिसेंबर २००३ मध्ये काय केलं तेही आता कुणाला आठवत नाही. उल्फा, बोडो आणि कामतापुरी अतिरेक्यांनी दक्षिण भूतानच्या जंगलात सुमारे तीस तळ टाकले होते. तिथून यायचं, आसामात स्फोट घडवायचे आणि परत जायचं. भूतानच्या छोट्याशा सैन्याने ते तळ उठवले, त्यांचे राजे स्वतः मोहिमेवर गेले. या सैन्याला प्रशिक्षण देणारं भारतीय पथक साठच्या दशकापासून तिथल्या 'हा' नावाच्या खोऱ्यात आहे. त्या प्रशिक्षणावर झालेला खर्च वाया गेला असं म्हणणाऱ्याने एकदा आसामात जाऊन तसं म्हणून बघावं.

मालदीवचंही तसंच. आपल्या लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटापासून त्यांचं उत्तरेकडचं टोक दीडशे किलोमीटरच्या आत, जळगाव ते छत्रपती संभाजीनगर एवढंही नाही. मधल्या पाण्यातून जगाची व्यापारी जहाजं जातात. ३ नोव्हेंबर १९८८ ला भाडोत्री बंदूकधाऱ्यांनी त्यांची राजधानी माले ताब्यात घ्यायचा प्रयत्न केला, तेव्हा त्याच रात्री आग्र्याहून आपलं विमान तिथे उतरलं. शेजाऱ्याकडे स्वतःची गस्तीनौका आणि टेहळणी विमान असलं तर प्रत्येक वेळी आपल्याला धावत जावं लागत नाही. श्रीलंकेला आपण १५ ऑगस्ट २०२२ ला डॉर्नियर टेहळणी विमान दिलं, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्याच हंबनटोटा बंदरात चीनचं 'युआन वांग ५' हे उपग्रह-क्षेपणास्त्रांचा माग घेणारं जहाज येऊन लागलं. समुद्रावर नजर का हवी, ते त्या दोन तारखांतच दिसतं.

'उलटतात' यात मात्र थोडं तथ्य आहे. मालदीवमध्ये 'इंडिया आउट'च्या घोषणा झाल्या, आपली हेलिकॉप्टरं चालवणारे शंभराच्या आतले जवान मे २०२४ पर्यंत परत आले आणि त्यांच्या जागी लष्करात नसलेले भारतीय तंत्रज्ञ गेले. त्याहून जड जाणारी गोष्ट अफगाणिस्तानची. तिथल्या सरकारला आपण लढाऊ हेलिकॉप्टरं दिली होती, त्यातलं एक ऑगस्ट २०२१ मध्ये कुंदूझ विमानतळावर तालिबानच्या हाती लागलं. म्यानमारला २०२० मध्ये 'सिंधुवीर' पाणबुडी दिली आणि काही महिन्यांतच तिथे लष्कराने सत्ता बळकावली. दिलेल्या शस्त्राचं पुढे काय होतं, कुणाच्या हाती जातं, हे संसदेत विचारलंच पाहिजे. पण तो प्रश्न या मेसेजात कुठेच नाही. त्यात फक्त शिव्या आहेत.

राहिला आप्पांचा प्रश्न. आप्पा, कापसाचा भाव मालदीवच्या बोटीत गेलेला नाही. कापसाच्या आयातीवर ११ टक्के शुल्क होतं, ते १९ ऑगस्ट २०२५ पासून शून्य केलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणाले, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवलं. म्हणजे नेमकी आपली वेचणी सुरू होते त्या दिवसांत बाहेरच्या गाठी स्वस्तात आल्या. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, पण तो सीसीआयच्या, म्हणजे सरकारी भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर, आणि तिथे ओलावा बारा टक्क्यांच्या वर निघाला की गाडी परत. दारात येणारा खेडा खरेदीवाला तेच जाणून भाव पाडतो. खासदाराला विचारायचंच असेल तर हे विचारा, आणि तुमच्यासोबत मीही येतो.

हे सगळं मी फोनवर सांगितलं. आप्पा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, ओलावा मोजायचं यंत्र जिनिंगवाल्याकडे आधी दाखवता येईल का. रविवारी मधल्या खोलीतला वरचा थर काढून ओट्यावर उन्हात पसरायचा आहे. मी जातोय.